डोक्यातले पालाश

मला फेफरे येते. हे वाक्य आधीच लिहून टाकते, कारण आमच्या घरात ते कधी कोणी पूर्ण बोलले नाही. आई म्हणायची, "वच्छीले ते होते." बाबा तेवढेही म्हणत नसत, नुसते हातातले काम थांबवून खाली बघत.

माझ्या धाकट्या बहिणीला, कुंदालाही तेच होत असे. आमचा आजार एकच, डॉक्टर एकच, गोळीसुद्धा एकच. मी आज हे लिहिते आहे आणि कुंदा गेली. फरक इतकाच की माझा आजार गावाला माहीत होता आणि तिचा नव्हता.

ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे. राग आला की माझे अक्षर बिघडते, म्हणून हळूहळू लिहिते.

शाळेचे पटांगण

हिंगणघाटला बाबांचे बियाण्यांचे आणि खतांचे दुकान होते. बहात्तरच्या दुष्काळात ते जेमतेम चालत होते. त्याच वर्षी मी मॅट्रिकला होते. एका सकाळी शाळेच्या प्रार्थनेला उभी असताना मी पडले. पडले हे मला नंतर कळले. मला आठवते ते एवढेच, की डोळे उघडले तेव्हा नाकाशी कोणाची तरी चप्पल होती आणि तोंडात रक्ताची चव. दातखीळ उघडायला कोणी तरी चमचा घातला होता. समोरचा दात अर्धा तुटला तो त्या चमच्याने, फेफऱ्याने नाही. आजही हसताना मी ओठ मिटते.

सगळी शाळा बघत होती. पुढच्या महिन्यात भर बाजारात, भाजीवाल्यांच्या रांगेत तेच झाले. म्हणजे उरलेल्या गावानेही पाहिले.

आई घरी रडत म्हणाली, "झाकायले काहीच नाई ठेवलं पोरीनं."

ते वाक्य मला तेव्हा फार लागले. पण त्याच वाक्यामुळे मी वाचले. झाकायला काही उरले नव्हते म्हणून अंगारे-धागे करून झाल्यावर बाबांनी मला उघडपणे, दिवसाढवळ्या एसटीत बसवून सेवाग्रामच्या दवाखान्यात नेले.

निदान

खादीचा सदरा घातलेले तरुण डॉक्टर होते. ते मला विचारत आणि उत्तर बाबा देत. दोन-तीनदा तसे झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "काका, आजारी कोण आहे? तिला बोलू द्या." माझ्याशी कोणी असे बोलल्याला तेव्हा बरेच दिवस झाले होते.

सगळे ऐकून, तपासून ते म्हणाले, "हा अपस्मार आहे. वेड नाही. बाहेरचे काही नाही. दुसऱ्याला लागत नाही. गोळीने आवरतो."

बाबांचा पहिला प्रश्न होता, "लगन होईल नं हिचं?"

डॉक्टरांनी गोळ्यांची बाटली समोर ठेवली. ते म्हणाले, "एकच सांगतो, दोघेही ऐका. गोळी चुकू द्यायची नाही. बरे वाटले तरी नाही, सण असला तरी नाही. मध्येच सोडली तर फेफरे आधीपेक्षा जोरात उलटते. मग एकामागून एक येते, थांबत नाही. त्यात माणूस जातो."

हे बाबांनी ऐकले. आईला घरी येऊन मी स्वतः सांगितले. आम्हाला माहीत नव्हते असे आमच्यातले कोणीही म्हणू शकत नाही.

वॉर्डातले दिवस

गोळीचा अंदाज बसेपर्यंत मला ठेवून घेतले. सकाळी थर्मामीटर, मग फरशी पुसणे, मग डॉक्टरांची फेरी, दुपारी नातेवाइकांचे डबे. गोळीने सारखी झोप यायची. तोंड कोरडे पडायचे. शेजारच्या खाटेवर आर्वीकडची एक बाई होती. तिची भाकर आली की अर्धी माझ्या ताटात पडायची. मी नको म्हटले की ती म्हणायची, "खाय वो माय, झोपेतच बारीक होऊन राह्यली तू." केरळातल्या एक सिस्टर होत्या, त्या माझी वेणी घालून देत. फेफऱ्याच्या पोरीच्या केसांना हात लावायला आमच्या गल्लीतल्या बायका तयार नव्हत्या. या परक्या बाईला हात आखडायचे सुचलेसुद्धा नाही.

एक दिवस मी डॉक्टरांना विचारले, "माझ्या डोक्यात होते तरी काय?"

बाबा पायथ्याशी बसले होते. त्यांच्या हातात खताच्या रिकाम्या पोत्याची शिवलेली पिशवी होती. तिच्यावर नत्र, स्फुरद, पालाश ही अक्षरे अजून वाचता येत होती. डॉक्टरांनी त्यातल्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवले.

"हे पालाश. आम्ही पोटॅशियम म्हणतो. मेंदूतल्या मज्जापेशी काम करतात तेव्हा प्रत्येक वेळी ते थोडे थोडे त्यांच्यातून बाहेर सांडते. आपण बोललो, पाहिले, बोट हलवले, की सांडले. ते तिथेच साचले तर शेजारच्या पेशी बिथरतात, कारण नसताना काम करू लागतात. मग त्यांचेही सांडते."

"मंग पोरीच्या डोक्यात खत जास्त झालं म्हना," बाबा म्हणाले. आर्वीची बाई हसली, मीही हसले. ओठ मिटायचे विसरून हसले.

डॉक्टर म्हणाले, "जास्त कोणाच्याच डोक्यात होत नाही, कारण उचलणारे आहेत. मज्जापेशींच्या मधे चांदणीच्या आकाराच्या पेशी असतात. त्या सांडलेले पालाश आत घेतात. पण त्या एकट्या नसतात. एकमेकींना जोडलेल्या असतात. एकीकडे फार झाले की ती शेजारणीकडे सरकवते, ती पुढच्या शेजारणीकडे. असे करत जिथे कमी आहे तिथे, रक्तवाहिनीपाशी, नेऊन सोडतात. सगळ्यांत वाटले गेले म्हणजे कोणालाच भारी होत नाही."

"आणि माझ्या त्या पेशी उचलत नाहीत?"

"तुला त्यामुळेच फेफरे येते असे आज कोणी छातीठोक सांगणार नाही. पण फेफरे आले की पालाश साचते, आणि या पेशींना उपसायला वेळ लागतो, एवढे नक्की. गोळी मज्जापेशींना आवरते. मग सांडतेच कमी. उपसणाऱ्यांवर भार येत नाही."

पुढे मी बी.एस्‌सी. झाले आणि वर्ध्याच्या एका कॉलेजात ग्रंथालयात लागले. तिथल्या पुस्तकात वाचले की त्या पेशींच्या सगळ्या जातीला शास्त्रज्ञांनी आधी डिंक असेच नाव दिले होते. मज्जापेशींना चिकटवून ठेवणारा डिंक, दुसरे काम नाही. आवाज न करणाऱ्यांना काही काम नसते असे सगळीकडेच समजतात.

कुंदा

कुंदा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. बडबडी, नकला करणारी. ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना स्वयंपाकघरात पडली. घरात फक्त आई होती.

आई मला म्हणाली, "बरं झालं, घरातच झालं."

मला दाखवायला नेतो असे शेजारी सांगून कुंदाला दाखवून आणले. तिलाही तीच गोळी लागू पडली. घरात बाटली एकच, तिच्यावर नाव एकटीचे, माझे. कुंदाचा आजार माझ्या आजाराच्या मागे उभा केला. मी काही बोलले की आई म्हणे, "तुहं तर झालंच आता. तिचं तरी लगन होऊ दे."

आणीबाणी उठली त्या वर्षी वडनेरचे स्थळ आले. किराणा दुकान, थोडी शेती, एकुलता मुलगा प्रभाकर. बोलणी सुरू झाली तेव्हाच मी बाबांना म्हटले, "त्यांना सांगा. सांगून करतील तर करू द्या."

"सांगून कोन करते, वच्छे? कायद्यातही वेडाच्या लायनीतच लिहिलं हाय फेफरं. वकिलाले इचारून आलो मी."

ते खोटे नव्हते. लग्नाच्या कायद्यात तेव्हा तसे खरेच लिहिलेले होते. ज्यांनी ते लिहिले त्यांच्यावरही मला राग आहे. पण ते आमच्या घरात राहत नव्हते.

"मग निदान तिच्या गोळीचं काय करायचं ते तरी ठरवा," मी म्हटले.

"एक पोरगी घरी बसलीच हाय. आता दुसरीलेही बसवू का?"

लग्नाला मी नव्हते. माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नाला मला तळेगावला मावशीकडे पाठवले, कारण मांडवात मी पडले असते तर वडनेरवाल्यांनी कुंदाकडेही निरखून पाहिले असते. मोठी मुलगी कुठे आहे असे विचारल्यावर बाबांनी सांगितले, "सेवाग्रामले सेवेत हाय. लगन नाई करायचं म्हन्ते." आमच्या जिल्ह्यात हे लगेच पटते. आश्रमापायी लग्न न केलेल्या बाया सगळ्यांनी पाहिलेल्या असतात आणि त्यांना मान असतो. वडनेरच्या सासूने म्हणे हात जोडले आणि म्हणाली, "मोठं पुन्याईचं घर हाय." मी सेवाग्रामला महिन्याला एकदा गोळ्या आणायला जात होते. सेवा झाली असेल तर ती माझी.

दोन डबे

सासरी कुंदाला गोळी लपून घ्यावी लागणार होती. तिनेच युक्ती काढली. लाल मंजनाचे दोन डबे. एकात मंजन, दुसऱ्यात गोळ्या. सकाळी मोरीत दात घासता घासता गोळी तोंडात टाकायची आणि चुळीच्या पाण्याबरोबर गिळायची. घरात एकटेपण मिळायचे ते तेवढेच. दर महिन्याला मी हिंगणघाटला गोळ्या आणून ठेवायची, ती माहेरी आली की डबा भरून न्यायची.

त्या गोळीने हिरड्या सुजतात. माझ्या सुजत, तिच्याही सुजल्या. एकदा येऊन ती सासूची नक्कल करत म्हणाली, "कुंदे, बदल वो ते मंजन. दोन-दोन डबे घासते तरी हिरड्या पाह्य कशा झाल्या." आम्ही दोघी लोळून हसलो. आईने बाहेरून दार ओढून घेतले, शेजारी ऐकू जाईल म्हणून.

मी म्हटले, "कुंदे, सांगून टाक. निदान भाऊजींना तरी."

"सांगतो नं ताई. एक लेकरू झालं का सांगतो. मंग कोन हाकलते मले?"

वर्षे गेली, मूल होईना. मग आईने नवस बोलला. सासूने नाही, आमच्या आईने. कुंदाने श्रावणभर संध्याकाळची पूजा होईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही, आणि हरतालिकेच्या निर्जळी उपासाने सांगता करायची. सकाळी दात घासायचे तेही कडुलिंबाच्या काडीने, चूळ न भरता.

श्रावणात कुंदा भेटली तेव्हा तोंड उतरले होते. मी पहिला प्रश्न केला, "गोळी?"

"संध्याकाळी पाह्यतो घ्याले. पन संध्याकाळी मोरीत कोन मंजन करते, ताई? सगळ्या बाया तिथंच राह्यतात. जमलं तर जमलं."

मी आईपुढे जाऊन बसले. डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. आई म्हणाली, "इतकी वर्षं नाई आलं तिले. बरी झाली ती. देवाच्या कामात तू आडवी येऊ नको."

"ती बरी नाही झाली. गोळी घेते म्हणून येत नाही."

"तुले तुह्यासारखंच सगळ्याइचं वाटते."

मग दुकानात बाबांकडे गेले. म्हटले, वडनेरला चला, आज सांगू. बाबांनी गिऱ्हाइकाचे पोते शिवून दिले, सुई ठेवली आणि म्हणाले, "हरतालिका होऊ दे. मंग पाहू." मी एकटी जाऊन सांगेन म्हटले, तेव्हा आईने कुंदाची शपथ घातली आणि कुंदाने माझे हात धरले. म्हणाली, "माहा संसार हाय, ताई. मीच सांगीन."

वाळूची पिंड

हरतालिकेचा दिवस निर्जळी गेला. रात्रभर बायकांनी जागरण केले. सकाळी सगळ्या वाळूच्या पिंडी घेऊन नदीवर शिरवायला, म्हणजे पाण्यात सोडायला, गेल्या. ओलेत्याने, हातात पिंड घेतलेली कुंदा काठावर पडली.

तिला फेफरे येते हे तिथे एकीलाही माहीत नव्हते. नवसाची सून, महिनाभराचा उपास, आणि हातात देव. त्यांना वाटले अंगात आले. त्यांनी तिला हळद-कुंकू लावले. कापूर पेटवला. ओटी भरली. एक फेफरे उतरून दुसरे चढत होते आणि बायका पाया पडत होत्या. एकीने पोरीच्या लग्नाचे विचारले, एकीने नवऱ्याच्या दारूचे. सासूने विचारले, "आई, माह्या सुनेची कूस कधी भरन?"

हे मला सासूनेच नंतर सांगितले. मी तिच्यावर रागावू शकत नाही, हाच माझा सगळ्यात मोठा राग आहे.

दुपार झाल्यावर प्रभाकर बाजारातून परतला. त्याने पाहिले आणि जीप केली. सेवाग्रामला आणेपर्यंत उशीर झाला होता. निरोप मिळून मी वर्ध्याहून पोचले तेव्हा ती स्ट्रेचरवर होती. कपाळभर हळद. बाबा माझ्या आधी येऊन उभे होते. माझेच डॉक्टर होते, आता कानशिलावर पांढरे झालेले. त्यांनी प्रभाकरला विचारले, "फेफऱ्याची गोळी कधीपासून बंद आहे हिची?"

"फेफरं? नाई साहेब. इले काहीच नवतं."

डॉक्टरांनी बाबांकडे पाहिले. बाबांनी खाली पाहिले.

पुढे एकदा गोळ्या आणायला गेले तेव्हा मी डॉक्टरांना विचारले, त्या चांदणीच्या पेशींनी शेवटी काय केले असेल. ते म्हणाले, "उपसत राहिल्या असतील. त्या थांबत नाहीत. पण सगळीकडूनच सांडायला लागले तर सरकवायचे कोणाकडे?"

तेरावा

तेराव्याला आम्ही वडनेरला गेलो. जेवणे झाल्यावर सासू माझ्यापाशी येऊन बसली. तिच्या पदरात मंजनाचा डबा होता.

"बाई, तुमी सेवेतल्या, शिकलेल्या. हे कायच्या गोळ्या हायेत? मंजनाच्या डब्यात काऊन ठेवल्या होत्या तिनं?"

डबा बराचसा भरलेला होता. बाबा ओसरीवरून माझ्याकडे रोखून पाहत होते. आई म्हणाली, "ताकदीच्या असतीन."

मी म्हटले, "फेफऱ्याच्या आहेत. तिला कॉलेजात असल्यापासून यायचे. मलाही येते. मी सेवेत नाही. श्रावणात गोळी सुटली म्हणून ती गेली. अंगात आले नव्हते."

सासूने डब्याचे झाकण लावले. मग तिने आईला विचारले, "तुमाले मालूम होतं?"

आई पदराने तोंड पुसत राहिली.

सासू म्हणाली, "माह्या जावेले दमा होता. हरतालिकेले तिची गोळी मीच देत होती, आपल्या हातानं, पान्यासंगट. देव काही म्हनत नाई, म्हनत होती. मले एक सबद सांगतला असता, तं इच्याही हातावर मीच ठेवली असती."

एवढे बोलून ती उठली आणि डबा आत घेऊन गेली. मला तो हवा होता. मागायचा धीर झाला नाही.

परतताना एसटीची वाट पाहत उभे असताना बाबा म्हणाले, "सांगून काय भेटलं तुले? गेली पोरगी वापस आली का?"

उत्तर मी नंतर कधी तरी देईन म्हणून राखून ठेवले. पुढच्या वर्षी बाबाही गेले. म्हणून इथे देते. बाबा, तुम्ही आयुष्यभर पोत्यावरचे पालाश वाचून विकले, आणि ते साचू द्यायचे नसते हे तुमच्या समोर डॉक्टरांनी बोट ठेवून सांगितले होते. मी सांगितले ते साचलेले वाटून घ्यायला.

आता

आई माझ्याजवळ वर्ध्याला असते. आम्ही कुंदाबद्दल बोलत नाही. तिचे जेवण मी वेळेवर देते.

हरतालिकेला मी देवळात जाते. उपास नसतो. पूजेला बसलेल्या बायकांच्या मधोमध बसते, पिशवीतून गोळी काढते, तांब्यातून पाणी ओतून घेते आणि सगळ्यांना दिसेल अशी गिळते. पहिल्या वर्षी एकीने विचारले, "बाई, उपास मोडला नं तुमचा?" मी म्हटले, "हो, मोडला. फेफऱ्याची गोळी आहे." आणि वर आणखी एक पेला पाणी प्यायले.

यंदा पूजा आटोपल्यावर एक ओळखीची बाई मागे रेंगाळली. इकडेतिकडे पाहून माझ्या कानाशी लागली आणि कुजबुजली, "माह्या सुनेलेही तसंच होते कधी कधी. कोनाले सांगतलं नाई आमी."

मी तिचा हात धरला आणि तिला परत सगळ्या बायकांच्या मधे नेऊन बसवले.

"आता बोला," मी म्हटले. "जोरानं."